भुताची फिर्याद

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी भुताखेतांवर बोलण्याची मुभा दिल्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. विषय नेमका सांगावयाचा तर असा : खून होतो, तपास चालतो, आणि त्या तपासात मेलेल्या माणसाचाही हात असतो, अशा मालिकांची कथनरीती. तीच विहीर, तीच कुलूपबंद खोली, तोच अमावास्येचा कंदील. आणि तरीही घरोघरी मंडळी जेवणाची ताटे पुढे घेऊन ते पाहत बसतात. असे का व्हावे?

या विचाराला चंडीगडाइतकी गैरसोयीची जागा नाही. येथे वाडा नाही, माजघर नाही, परसातला आड नाही. रस्ते काटकोनात छेदणारे. भुताने दबा धरावा असे वळण सापडणे कठीण. शिवाय सेक्टर ३६ मध्ये केंद्र सरकारची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. परंतु याच शहराच्या मूळ आखणीत १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. आकडा अशुभ म्हणून तो वगळला, असे जो तो सांगतो. २०२० साली प्रशासनाने मनीमाजऱ्याला तो क्रमांक देऊन टाकला. विवेकाने आखलेल्या नगरातही एक खोली इतकी वर्षे कुलूपबंद होती म्हणावयाची!

प्रथम मूळ साचा पाहू. १९८५ साली दूरदर्शनवर आलेली रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका येथील पुष्कळांना आठवत असेल. वेताळपंचविशी मराठी घरांना त्याआधीपासूनच परिचित. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतात शिरलेला वेताळ एक प्रकरण सांगतो आणि न्याय विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. येथे कामाची वाटणी लक्षात घ्यावी. प्रश्न मेलेल्याचा, निवाडा जिवंत माणसाचा. आमच्या मते या जातीच्या कथेची सारी इभ्रत या वाटणीत आहे. जेथे भूतच उठून गुन्हेगाराचा गळा आवळते आणि फौजदार तोंड वासून पाहत राहतो, तेथे कथा संपते; उरतो तो पार्श्वसंगीताचा गोंगाट.

भूत फिर्याद आणते, हे आमच्या लोकांनी फार पूर्वीच ओळखले होते. मराठीत भुतांना जी नावे आहेत ती नीट वाचली तर ती पोलीस ठाण्यातील अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीसारखी दिसतात. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. धनात वासना अडकून राहिलेला तो समंध. पाण्यात ओढून नेणारा तो गिऱ्हा. नाव उच्चारताच मरण कसे आले, काय अपुरे राहिले, आणि बहुधा कोणी हयगय केली, हेही कळते. बाळंतिणीकडे दुर्लक्ष झाले हे घरात कोणी बोलत नसे; अळवंतीण मात्र पिढ्यान् पिढ्या बोलत राहिली. कोकणात देवापुढे मागणे मांडण्याला ‘गाऱ्हाणे’ म्हणतात, तक्रारीलाही तोच शब्द. आणि कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, याकडे सारा गाव जशी टक लावून बसतो, तशी उत्कंठा कोणत्याही पटकथाकाराला साधलेली नाही.

मेलेला परत येतो, हा दुसरा नेहमीचा धागा. त्याचे सर्वांत मोठे मराठी प्रकरण या भागाशी जोडलेले आहे. दिल्लीच्या वाटेवर आपल्याला पानिपत लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ तेथे पडले. तरी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला, पुण्यात त्याची चौकशी झाली आणि १७७६ साली त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. लोक फसले ते भोळे होते म्हणून, असे आम्ही म्हणणार नाही. भाऊंनी परत यावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. अशा इच्छेपुढे पुरावा फार दुबळा ठरतो. आजच्या मालिकांतील मांत्रिक नेमका याच इच्छेवर जगतो.

मराठी कथेत तपास आणि भूत बराच काळ वेगळ्या कपाटांत होते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पिस्तूल घेऊन हिंडे. अंधारातल्या शक्तींशी सामना नारायण धारपांचे ‘समर्थ’ करीत. हेच विभाजन पडद्यावरही दिसले. बी. पी. सिंग यांनी १९९५ पासून ‘आहट’ दिली आणि १९९८ पासून ‘सी.आय.डी.’, एकात किंकाळी, दुसऱ्यात दुर्बीण. शिवाजी साटम यांना मराठी प्रेक्षक ‘एक शून्य शून्य’पासून ओळखत होते, म्हणून त्या प्रद्युम्नसाहेबांत आपल्या घरचा माणूस दिसे. अमेरिकेत १९९३ साली ‘एक्स-फाइल्स’ने एक श्रद्धाळू आणि एक संशयी अशी जोडी तपासाला लावली, आणि तो साचा जगभर गेला.

मराठीत ही दोन कपाटे एका घरात आली ती २०१६ साली, झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये. सावंतवाडीजवळील आकेरी येथे तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईक वारतात, मुंबईची मंडळी गावच्या वाड्यात जमतात, आणि मृत्यूंची मालिका सुरू होते. विज्ञाननिष्ठ नीलिमा आहे, चौकशीला पोलीस आहेत, आणि पांडू आहे. हा गडी सारे पाहतो आणि ऐन वेळी विसरतो. साक्षीदार हजर, पण साक्ष बंद! मालिका अंधश्रद्धा पसरवते, असा आक्षेपही घेतला गेला. आमचा आक्षेप निराळा आहे. दैनंदिन मालिकेला उत्तर नको असते, उद्याचा भाग हवा असतो. आणि भुताइतके उत्तर लांबवण्याचे स्वस्त साधन दुसरे नाही. कित्येक सावल्या केवळ आठवडा भरून काढण्यासाठी भिंतीवरून गेल्या.

तरीही आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना ती मालिका टोचली, ती भुतामुळे नव्हे. आपल्यापैकी कितीजणांचे गावचे घर वर्षातले अकरा महिने बंद असते? किल्ली शेजाऱ्याकडे, सातबाऱ्यावर पाच नावे, आणि एकत्र येणे केवळ कोणी गेल्यावर. अशा घरात मध्यरात्री भांडे पडले तर मांजर असेल असे म्हणण्याइतकाही कोणी तेथे नसतो.

आणि भुताच्या नावाने माणसे काय करतात याचा पुरावा परभणी जिल्ह्यातील मानवतने दिला. १९७२ ते १९७४ या काळात तेथे गुप्तधन आणि अपत्य यांच्या लालसेने मुली व स्त्रिया मारल्या गेल्या. तपास केला रमाकांत कुलकर्णी यांनी. २०२४ साली त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले. तेथे पिंपळावर काहीच नव्हते. जे होते ते पिंपळाखाली जमणाऱ्या माणसांत होते. मुलांना एक भयकथा दाखवायचीच असेल तर, ती मोठी झाल्यावर, आम्ही ही दाखवू.

कायदाही मेलेल्याचे ऐकतो, हे जाता जाता सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३२, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २६, मृत्युपूर्व जबानी ग्राह्य धरते. अट एवढीच की बोलणारा बोलताना जिवंत असला पाहिजे.

२०१९ साली ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व आले आणि ते काळात मागे गेले. अण्णा जिवंत, शेवंता जिवंत. शेवट कसा होणार, हे आधीच ठाऊक. कोण मेले, कोणी मारले, हे कुतूहल उरले नाही. प्रेक्षकाची नजर मग आपोआप माईंकडे वळे. अण्णांचे सारे उद्योग त्या घरात डोळ्यांसमोर घडत होते, आणि माई स्वयंपाकघरात होत्या. त्यांची जबानी घेण्यासाठी चुलीपर्यंत कोणी जात नाही.