उस्ताद सालिवाहनाचे चित्र आणि संघाचा पट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



चित्रकाराने आपल्या चित्रामागचा विचार स्वतः सांगावा, ही रीत आजच्या प्रदर्शनांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. भिंतीवर चित्र, शेजारी निवेदनाचा कागद आणि उद्घाटनाच्या दिवशी चित्रकाराचे चार शब्द, असा तो प्रघात. जुन्या काळच्या चित्रकाराला ही सोय नव्हती. बहुधा त्याचे नावदेखील मागे उरत नसे. कल्पसूत्राच्या कितीतरी सचित्र पोथ्या आपल्या ज्ञानभांडारांनी जपल्या. त्यांच्या अखेरीस पोथी लिहविणाऱ्या श्रेष्ठींचे कूळ येते, गुरुपरंपरा येते, लेखनिकाचे नाव येते. चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत उस्ताद सालिवाहनाचे स्थान फार वरचे आहे. त्याचे नाव, त्याचा हुद्दा आणि चित्र काढताना त्याने धरलेली भूमिका या तिन्ही गोष्टी त्याच्या एका चित्रासोबतच नोंदविल्या गेल्या आहेत.

हे चित्र म्हणजे एक पत्र आहे. विक्रम संवत 1667, म्हणजे इसवी सन 1610 मध्ये, आग्र्याच्या श्रीसंघाने तपागच्छाचे आचार्य श्री विजयसेनसूरी यांना पाठविलेले विज्ञप्तिपत्र. पर्युषणानंतर दूर असलेल्या गुरुभगवंतांची क्षमापना करावी आणि पुढील चातुर्मास आमच्या गावी करावा अशी विनंती करावी, यासाठी संघ अशी पत्रे धाडीत. प्रारंभी अष्टमंगल, चौदा स्वप्ने, मग गावाचे देऊळ, उपाश्रय, बाजारपेठ, असा चित्रांचा कित्येक फूट लांबीचा पट्टा आणि शेवटी विनंतीचा मजकूर. गुरूंनी गाव येण्यापूर्वीच पाहावे, हा त्यामागचा हेतू. पुढील काळातील पत्रांत दुकानांच्या रांगा इतक्या हौसेने रंगविलेल्या आढळतात की, विनंती कोणाची आहे हे मजकूर न वाचताही कळावे!

आग्र्याच्या पत्राचा प्रसंग मात्र निराळा होता. जगद्गुरू श्री हीरविजयसूरी 1583 मध्ये फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाला भेटले आणि त्यांच्या उपदेशाने पर्युषणाच्या दिवसांत जीवहिंसा बंद ठेवण्याचे फर्मान निघाले, हा इतिहास प्रत्येक जैन घरात सांगितला जातो. पण राजाज्ञा राजाबरोबर संपते. 1595 मध्ये सूरीजी कालधर्म पावले, 1605 मध्ये अकबर गेला. नवा बादशहा जहांगीर पित्याचा शब्द पाळील की नाही, ही चिंता साऱ्या संघांना होती. अखेर पंडित विवेकहर्ष आणि उदयहर्ष हे मुनी राजा रामदासाच्या साहाय्याने दरबारात गेले आणि पर्युषणातील अमारीचे फर्मान मिळाले. ही वार्ता गुजरातेत देवपाटणला असलेल्या आचार्यांना कळवायची होती.

वार्ता कळविण्यास दोन ओळी पुरल्या असत्या. आग्र्याच्या संघाने त्यासाठी चित्रकार का नेमावा, आणि तोही साक्षात बादशाही चित्रकार? याचे उत्तर पत्रातच आहे. त्यात म्हटल्याचा आशय असा की, उस्ताद सालिवाहन हा बादशाही चित्रकार आहे आणि त्या वेळी त्याने जे पाहिले तोच भाव त्याने यात ठेवला आहे. चित्रामागील विचार सांगणारे याहून थोडके निवेदन क्वचितच सापडेल. ‘पाहिले’ या एका शब्दावर सारा भर आहे.

हा भर त्या काळी किती नवा होता, हे कल्पसूत्राच्या पोथ्यांशी तुलना केल्यावर ध्यानात येते. त्या पोथ्यांतील मुद्रा ठरलेल्या साच्याच्या असतात; नाक टोकदार आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला. त्रिशला मातेच्या स्वप्नांचे चित्र काढणाऱ्याने ते स्वप्न पाहिलेले नसते, आणि त्याने ते पाहावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. श्रद्धेने जे ठाऊक आहे, त्याचे तो स्मरण करून देतो. सालिवाहनाची शाळा वेगळी. मोगल दरबारात माणूस ओळखू आला पाहिजे, हा पहिला दंडक. म्हणून त्याच्या चित्रात बादशहा आहे, शाहजादा खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान आहे, राजा रामदास आहे, मुनिवर आहेत. आणि कोण कोणता याविषयी शंका राहू नये म्हणून आकृतींजवळ नावेही लिहिली आहेत. नऊ फुटांहून थोडी अधिक लांबी आणि जेमतेम फूटभर रुंदी एवढ्या जागेत त्याने साक्षीदारांची जणू यादीच मांडली. व्यापारात दस्तऐवजावर साक्षीच्या सह्या असतात, तशीच ही साक्ष.

याच पत्रात आचार्यांच्या व्याख्यानसभेचेही चित्र आहे. पाटावर गुरुभगवंत आणि समोर चतुर्विध संघ. ही सभा गुजरातेतील. आग्र्याच्या चित्रकाराने ती तेथे जाऊन पाहिली असण्याचा संभव कमी. येथे कोणी त्याला दोष देऊ शकेल. तथापि साधूंची बैठक, श्रावकांची अंजली, श्राविकांची गर्दी हे सारे आग्र्याच्या उपाश्रयातही दिसत होते. पाहिलेल्यावरून न पाहिलेले उभे करणे एवढी मोकळीक चित्रकाराला दिलीच पाहिजे.

पुढे काही वर्षांनी याच बादशहाने जैन साधूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढल्याचे त्याच्या आत्मवृत्तात नमूद आहे. बादशहाची मर्जी फिरली. सालिवाहनाने पाहिलेला दिवस मात्र पुसला गेला नाही. ते पत्र आज अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय विद्यामंदिरात सुरक्षित आहे. याच चित्रकाराने 1624 मध्ये धन्ना-शालिभद्राची चौपाई चित्रित केली. राजाच्या राणीला एकही परवडली नाही ती सोळा रत्नकंबले भद्रा शेठाणीने एकरकमी घेऊन, प्रत्येकीचे दोन तुकडे करून बत्तीस सुनांना वाटली, ती ही कथा. कापडाच्या धंद्यात असे गिऱ्हाईक पुन्हा झाले नाही.

आता आपल्या गावाकडे वळावयाचे. प्रदर्शन हा शब्द नवा. संघाला ती गोष्ट नवी नाही. चातुर्मासात शत्रुंजयावर चढण्याची मनाई असते. कार्तिकी पौर्णिमेला द्राविड-वारिखिल्ल दहा कोटी मुनींसह तेथे मोक्षास गेले, त्या दिवशी यात्रा पुन्हा सुरू होते. ज्यांना पालीताण्याला जाणे होत नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी गावोगावी शत्रुंजयाचा पट मांडतात आणि त्यासमोर भावयात्रा होते. पट काढणाऱ्याचा विचारही स्पष्ट असतो. डोंगर समोरून दिसतो, मंदिरांचे चौक वरून दिसतात, वाट बाजूने दिसते. कारण ज्याचे पाय जाऊ शकत नाहीत त्याच्या डोळ्यांना तळेटीपासून दादांच्या टुंकेपर्यंत चालत न्यावयाचे असते.

ट्रस्टच्या भांडारातील कपाटातही असा एक पट घडी करून ठेवलेला आहे. छापील फ्लेक्स आल्यापासून तो बाहेर निघालेला नाही. फ्लेक्स स्वच्छ दिसतो हे खरे. परंतु जुना पट जीर्ण झाला म्हणून विसर्जित करावा, ही सूचना स्वीकारण्यापूर्वी तो काय आहे हे एकदा पाहिले पाहिजे. असे पट मांजरपाटासारख्या सुती कापडावर होत. कापडाला खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून त्याला कागदासारखे तुळतुळीत करीत आणि मग हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी असे रंग डिंकात कालवून भरीत. खळ दिलेल्या कापडाची घडी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली की तेथे आधी रंग सुटतो, मग कापड तुटते. आणि खळ हे कसरीचे आवडते खाद्य. म्हणून पट घडी न करता जाड नळीवर गुंडाळावा, आणि ज्या मलमलीत गुंडाळावयाचा तीही धुऊन, खळ काढून मगच वापरावी. इस्त्री, तेलपाणी आणि प्लास्टिकचे आवरण यांपासून त्याला दूर ठेवावे.

त्याचे वयही बरेचसे पटच सांगतो. शत्रुंजयावर कुंतासरची दरी बुजवून बांधलेल्या मोतीशा टुंकेची प्रतिष्ठा संवत 1893 मध्ये, म्हणजे 1837 साली झाली. ती टुंक पटात असेल, तर पट त्यानंतरचा. शंभर वर्षांवरील ठरल्यास 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागेल; असे चित्र कोणालाही परदेशी पाठविता येत नाही, हेही जुन्या वस्तूंचे व्यापारी दारी आल्यास लक्षात ठेवावे.

येत्या कार्तिकी पौर्णिमेला हा पट भावयात्रेसाठी मांडावा, उन्हापासून आडोसा करावा, हात लागणार नाही इतक्या अंतरावर दोरी बांधावी आणि शेजारी मराठीत एक फलक ठेवावा. त्याआधी पटाचे चारही कोपरे आणि मागची बाजू भिंगाने तपासावी. अर्पण करणाऱ्याचे नाव, संवत किंवा चित्रकाराची खूण बहुधा तेथेच असते. जे सापडेल ते फलकावर लिहावे. चित्रकाराचे नाव न सापडल्यास तेवढी ओळ कोरी ठेवावी.

जय जिनेंद्र.