आभासी प्रयोगशाळा आणि ग्रामीण विद्यार्थी

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे वाशीम येथे केलेले भाषण)



रसायनशास्त्र हे पाठ करण्याचे नव्हे, तर करून पाहण्याचे शास्त्र आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा धडे कसेबसे मोबाइलवरून मुलांपर्यंत पोहोचले; परीक्षानळ्या मात्र कपाटातच राहिल्या. दूर राहून प्रयोग शिकवता येईल काय, हा प्रश्न तेव्हा तीव्रतेने पुढे आला.

त्याचे साधन तत्पूर्वीच सिद्ध झाले होते. केंद्र शासनाच्या साहाय्याने अमृता विश्व विद्यापीठम् व मुंबईची सी-डॅक या संस्थांनी ‘ओ-लॅब्स’ हा उपक्रम विकसित केला. इयत्ता नववी ते बारावीचे प्रयोग त्यात आहेत आणि मराठीचाही त्यात समावेश आहे. सिद्धान्त, कृती, चित्रफीत, पडद्यावर स्वतः करावयाचा प्रयोग व तोंडी प्रश्न अशी त्याची मांडणी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला, तर २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान व गणिताच्या अशा ७५० प्रयोगशाळांची घोषणा झाली.

या साधनाचे बळ कशात आहे? आम्ल सौम्य करताना ते पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लात पाणी ओतू नये, हा नियम आपण शिकवतो. प्रत्यक्षात चूक झाली तर हात भाजतो. पडद्यावर प्रयोग पुन्हा मांडता येतो. रसायने संपत नाहीत आणि काच फुटत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला कृती दहा वेळा गिरवता येते.

परंतु पडद्याला वास नाही, उष्णता नाही आणि प्रतीक्षाही नाही. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला असता निळा रंग फिका होऊन खिळ्यावर तांबूस थर चढण्यास बराच वेळ लागतो. पडद्यावर तो बदल क्षणार्धात दिसतो. निरीक्षणाचा धीर मात्र खऱ्या नळीपाशीच अंगी बाणतो.

हाच प्रयोग आपले संत्रा बागायतदारही करतात. बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवतात. त्यावर तांब्याचा थर दिसला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालतात, अन्यथा फवारणीने पाने करपतात. ज्या मुलाने पडद्यावर ही अभिक्रिया समजून घेतली आणि शाळेत ती हाताने केली, त्याला बागेतील विळ्याचा अर्थ कळेल. शिक्षणाचे सार्थक यातच आहे.

म्हणून क्रम असा असावा: प्रथम पडद्यावर सराव, नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रयोग आणि शेवटी गावातील उदाहरणाशी सांगड. आभासी प्रयोगशाळा आली म्हणून खऱ्या प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद करणे, हा विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल.

१ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या आपल्या जिल्ह्याचा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत समावेश झाला; शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा एक प्रमुख विषय आहे. पंचायत सदस्यांस विनंती आहे की, ग्रामपंचायत कार्यालयात इंटरनेटची जोडणी चालू असेल, तर शाळा सुटल्यानंतर एक तास ती विद्यार्थ्यांना खुली करावी. ज्या घरी एकच मोबाइल असतो आणि तोही वडिलांबरोबर शेतावर जातो, त्या घरच्या मुलीला हा एक तास फार मोलाचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीनेही आपल्या बैठकीत एक साधा प्रश्न नेमाने विचारावा: या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले?

जय हिंद, जय महाराष्ट्र!