काटेरी हलवा आणि आमची आजी

(मंडळाच्या मलकापूर येथील संक्रांत-मेळाव्यात केलेले भाषण)



आजीच्या हलव्याविषयी मी चार शब्द बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली. भाषणाचा मला सराव नाही. हलव्याचा मात्र आहे, म्हणून धीर केला.

आपला जिल्हा गुळाचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिळगुळाच्या वड्या आपल्याकडे घरोघर होतात. परंतु पांढराशुभ्र काटेरी हलवा घरी करणारी कुटुंबे आता थोडीच उरली. बाजारात पुडी मिळत असता तीन-चार दिवस परातीपुढे कोणी बसावे?

आजीची रीत अशी. साखरेच्या निम्मे पाणी घालून पाक ठेवावयाचा. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावयाची आणि एकतारी होताच उतरवावयाचा. मंद निखाऱ्यावर कल्हईची परात. तीत तीळ, खसखस अथवा साबुदाणा. त्यावर चमचाभरच पाक घालून बोटांच्या टोकांनी दाणे सारखे हलवीत राहावयाचे. ते कोरडे झाल्यावाचून दुसरा चमचा नाही. विस्तव वाढला तर साखर वितळून दाणे चिकटतात. पाक अधिक पडला तर दाणा गुळगुळीत राहतो, काटा धरीत नाही. कोरड्या थंडीत थर चांगला सुकतो, म्हणून आजी पौषात पहाटे चारला शेगडी पेटवी. आंबा घाटाकडची ती थंडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे! पहिल्या वर्षी मी उतावीळपणे अर्धी वाटी पाक एकदम ओतला आणि सगळ्याचा एक गोळा झाला. आजी एवढेच म्हणाली, "आता हा लाडू म्हणून खा."

त्याच हलव्याचे दागिने होत. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तन्मणी, बाजूबंद, मंगळसूत्र घालीत. बोरन्हाणाला बाळकृष्णासारखे नटविलेले मूल सजे. दाणा न् दाणा आजीच्या हातचा. आजी मात्र सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली. हळदीकुंकवाच्या दिवशी ती माजघराच्या दाराआड बसे. वहिनीच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या मंगळसूत्राचा दोरा ऐन वेळी तुटला. तो ओवता येई एका आजीलाच. मी दाण्यांची वाटी आत नेली, तिने ते ओवून दिले आणि मी बाहेर आणून दिले. तिला बाहेर बोलवावे असे त्या भरल्या घरात कोणालाही सुचले नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची, शिकलेली मुलगी. मलाही सुचले नाही.

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास परिपत्रकाने सुचविले. आपल्या मंडळाच्या पत्रिकेवर मात्र यंदाही 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण' असे छापले आहे. त्यातील 'सुवासिनी' काढून 'भगिनी' घालावे अशी लेखी सूचना मी आज चिटणिसांकडे दिली आहे. ती सभेपुढे यावी, आणि ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी तो उघडपणे करावा, एवढीच विनंती.

असो. आजीची परात मी बरोबर आणली आहे आणि मागील पडवीत शेगडी पेटली आहे. शिकू इच्छिणाऱ्या मुलींनी, मुलग्यांनीही, तिकडे यावे. पाक तयार आहे.