जुना लॅपटॉप आणि पापडांचा हिशेब
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. भाषणाची मुळीच सवय नाही, तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या. सेक्रेटरीबाईंनी लॅपटॉपविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, म्हणून उभी राहिले आहे.

मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. नव्याची किंमत ऐकूनच मी गप्प बसले. शिवणकामाचे १५,००० रुपये साठले होते. तेवढ्यात बसेल असा, कचेरीत वापरून झालेला व दुकानदाराने दुरुस्त केलेला लॅपटॉप घ्यावयाचे ठरले.

माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, तशीच ही वस्तूही पाहून घ्यावी लागते. बरोबर माझा भाचा होता. त्याने चार्जर काढून ठेवला व म्हणाला, "आत्या, आता अर्धा तास इथंच बसायचं." बॅटरी अगदीच गेलेली असली तर तेवढ्यात कळते. त्याने एकेक कळ दाबून पाहिली, बिजागऱ्या हलवून पाहिल्या. आत एसएसडी आहे आणि रॅम ८ जीबी आहे, याची खात्री केली. वॉरंटी पावतीवर लिहून घेतली.

घरी सुरू केला, तो पडद्यावर आधीच्या मालकाचे नाव! भाड्याच्या घरात जाताना आपण झाडलोट करून कुलूप बदलतो, तसे भाच्याने आतले सारे पुसून काढले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आमचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसेना. म्हणून त्याने लिनक्स मिंट बसवले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि हिशेबाचे लिबरऑफिस त्यातच येते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक घेतला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. रोज रात्री भांडी आवरली की मी अर्धा तास बसे. महिन्याभरात बोटे वळू लागली.

आता खरी गोष्ट सांगते. मार्चअखेर आपल्या पापडांच्या हिशेबात १,८०० रुपये कमी भरले, हे तुम्हां सर्वांना आठवत असेल. पेटी माझ्याकडे होती. मला कोणी काही बोलले नाही, पण मी आले की बोलणे थांबे. तीन रात्री मला झोप नव्हती. पदरचे पैसे भरून मोकळे व्हावे, असेही मनात आले. मुलगी म्हणाली, "आई, न घेतलेले पैसे तू भरलेस, तर घेतलेच होते असे होईल."

मग वही घेऊन बसले. नऊ महिन्यांची एकेक नोंद लॅपटॉपवर चढवली. बेरीज यंत्राने केली. ती वहीपेक्षा बरोबर १,८०० ने कमी आली, आणि पेटीतल्या रकमेशी रुपयाला रुपया जुळली! म्हणजे पैसे गेलेच नव्हते. पाने चाळता चूक सापडली. एका पानाची बेरीज ४,६२०, ती पुढच्या पानावर ६,४२० अशी उतरली होती. अक्षर माझेच. मी सभेत वही व लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवून ते पान दाखवले.

माझा कोणावर राग नाही. तुमच्या जागी मी असते, तर मलाही शंका आली असती. पण हिशेब एकटीलाच कळावा, हे बरे नव्हे. आता दर शनिवारी त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून अध्यक्षीणबाईंकडे देते. ज्यांना शिकावयाचे असेल, त्यांनी गुरुवारी दुपारी माझ्याकडे यावे. यंत्र जुने आहे, शिकवणारी सातवी आहे, लाज कसलीच वाटू देऊ नका. चहा माझ्याकडे.