पाय काढू नका

पहिल्या पावसात घाट उतरत होतो. गाडी मुलाची, नवी. चालवत होतो मी. वळण घेतलं आणि समोर म्हैस आडवी. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडू लागलं, खालून करकर आवाज आला. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. शेजारून मुलगा ओरडला, ''अब्बा, पाय काढू नका!'' पुन्हा दाबला. म्हशीला हातभर अंतर ठेवून गाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हसून म्हणाला, ''चाचा, तुटलं काहीच नाही. एबीएस काम करत होतं.''

ही यंत्रणा म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक. जाम झालेलं चाक रस्त्यावर नुसतं घसरतं. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते; मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ब्रेक दाबून धरू नको, दाब-सोड कर. मीही तेच शिकलो होतो. पण माणसाचा पाय एक, आणि तो चारही चाकांना एकदमच दाबतो-सोडतो. एबीएसमध्ये चाकांचा वेग मोजणारे सेन्सर असतात. एखादं चाक जाम होऊ लागलं, की त्याच्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी होतो, पुन्हा वाढतो. हे सेकंदाला अनेकदा घडतं. पेडलची थडथड ती हीच. बॉश कंपनीची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत आली.

याच सेन्सरवर पुढची दोन कामं उभी राहिली. चिखलात एक चाक जागीच गरगरू लागलं, तर ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनचा जोर कमी करतो. तिसरी यंत्रणा स्थैर्याची, १९९५ ची. स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, याचा ती ताळा घेते. गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक रोखते. गाडी वळायलाच तयार नसेल, तर आतल्या अंगाचं मागचं. बैलगाडी वळवताना एकाच बाजूचा कासरा ओढावा, तसं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. गाड्या बदलल्या, आमच्या पायांना मात्र कुणी सांगितलं नाही.

आणखी एक. ही यंत्रणा रस्त्यावरची पकड निर्माण करत नाही. आहे ती राखून वापरते. टायर गुळगुळीत झाले असतील तर राखायचं काय? खडीवर एबीएसची गाडी कधी कधी उलट जास्त अंतर घेते. आणि वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं. हा हिशेब कुठलाही सेन्सर बदलू शकत नाही.

तेव्हा मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नसताना, बेताच्या वेगात एकदा ब्रेक जोरात दाबून पाहा. ती थडथड पायाला ओळखीची होऊ द्या. संकटात ती आली, की घाबरू नका. पेडल दाबून धरा, स्टिअरिंग मोकळ्या वाटेकडे वळवा. आणि पाय काढू नका.