फिलिपिनो पुढाऱ्यांचे दप्तर

फिलिपिन्समध्ये कारकुनापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत प्रत्येक सरकारी सेवकाला दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत एक शपथपत्र द्यावे लागते. सूट आहे ती फक्त मानद पदांवरील व्यक्ती, मजूर आणि हंगामी कामगारांना. घरे, जमिनी, गाड्या, दागिने, बँकेतील शिल्लक, शेअर आणि डोक्यावरचे कर्ज हे सारे त्यात मांडायचे आणि वजाबाकी करून निव्वळ मालमत्तेचा आकडा काढायचा. हा हिशोब एकट्याचा नसतो. पती किंवा पत्नी आणि घरात राहणारी अठरा वर्षांखालील अविवाहित मुले यांचीही मालमत्ता त्यात धरतात. पद मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिले शपथपत्र, मग दरसाल एक, आणि पद सोडल्यावर तीस दिवसांत शेवटचे. भारतात पुढाऱ्यांच्या संपत्तीची चर्चा मुख्यतः उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रावरून, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर होते. फिलिपिन्समध्ये ती दरवर्षी व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे.

या अपेक्षेचा इतिहास जुना आहे. ज्यांच्या नावाचा पुरस्कार महाराष्ट्राला विनोबा भावे आणि बाबा आमटे यांच्यामुळे परिचित झाला, ते रामोन मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष असताना १९५५ मध्ये एक कायदा झाला. पगार आणि इतर कायदेशीर उत्पन्न यांच्याशी मेळ न बसणारी मालमत्ता गैरमार्गाने मिळवली असे गृहीत धरावे, आणि मालकाला खुलासा करता आला नाही तर ती सरकारजमा करावी, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी दुसराही एक कायदा झाला, बँक ठेवींच्या गोपनीयतेचा. एकाने संपत्तीचा जाब विचारण्याचा अधिकार दिला, दुसऱ्याने ती दडवायला जागा करून दिली. पुढच्या सत्तर वर्षांतल्या बहुतेक मोठ्या प्रकरणांत हे दोन कायदे समोरासमोर उभे राहिलेले दिसतात.

शपथपत्राची सक्ती १९६० च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने आली. फर्डिनंड मार्कोस यांची वीस वर्षांची राजवट त्या सक्तीला न जुमानता पार पडली. ती फेब्रुवारी १९८६ मध्ये कोसळल्यावर १९८७ ची राज्यघटना आली. सार्वजनिक पद ही जनतेची विश्वस्त ठेव आहे, असे त्या घटनेने म्हटले आणि राष्ट्राध्यक्ष, मंत्री, संसद सदस्य, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, सेनाधिकारी अशा वरच्या पदांवरील व्यक्तींची शपथपत्रे लोकांना खुली असावीत असे बंधन घातले. बारकावे १९८९ च्या आचारसंहिता कायद्यात आले. शपथपत्र कोणालाही पाहता यावे, दाखल झाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांनी खर्च भरून त्याची प्रत मिळावी आणि दहा वर्षे ते जपून ठेवावे, असा नियम झाला. धंद्यासाठी त्याचा वापर करायला बंदी आहे. वृत्तमाध्यमांना मात्र त्यातून सूट आहे. सरकारी नोकरीत असलेले नातेवाईकही जाहीर करावे लागतात, चौथ्या पायरीच्या नात्यापर्यंत, आणि कायद्याने वहिनी, साडू व व्याही यांचा मुद्दाम नाव घेऊन उल्लेख केला आहे. ज्या देशात तीच ती आडनावे पिढ्यान्पिढ्या मतपत्रिकेवर दिसतात, तिथे एका पुढाऱ्याचा माग म्हणजे अख्ख्या गोतावळ्याचा माग, हे कायदा लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक असावे. घराणेशाहीला घटनेत बंदी आहे, पण ‘कायद्याने ठरवलेल्या व्याख्येनुसार’. आणि ती व्याख्या करणारा सर्वसाधारण कायदा संसदेने २०२५ अखेरपर्यंत केलेला नव्हता. संसदेत कोण बसते हे पाहिले तर त्यात नवल वाटत नाही.

शिक्षेचे कलमही वाचण्यासारखे आहे. शपथपत्रात लबाडी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार पेसोंपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच शपथपत्राचा कोणी गैरवापर केला, तर त्याला मात्र पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

शपथपत्र एकटे वाचले तर फारसे काही सांगत नाही. जमिनीच्या रकान्यात सरकारी मूल्य, बाजारभाव आणि खरेदीची किंमत असे तीन आकडे असतात. पण बेरजेत धरली जाते ती खरेदीची किंमत. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला मनिलाच्या भरवस्तीतला भूखंड त्यामुळे आजही कवडीमोलाचा दिसतो. वर्षागणिक आकडा थोडा वाढतो, थोडा घटतो, आणि वृत्तपत्रे सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब सिनेटरांच्या याद्या छापतात. या याद्या चवीने वाचल्या जातात, उपयोग मात्र बेताचाच. हा कागद बोलू लागतो तो शेजारी दुसरा कागद ठेवल्यावर.

राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्या बाबतीत २००० मध्ये तेच घडले. शोधपत्रकारितेसाठी १९८९ मध्ये मनिलात स्थापन झालेल्या ‘फिलिपाइन सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम’च्या पत्रकारांनी त्यांचे शपथपत्र घेतले आणि कंपनी नोंदणी कार्यालयातील कागद चाळायला सुरुवात केली. एस्त्रादा, त्यांची पत्नी, इतर स्त्रिया आणि त्या सर्वांची मुले यांची नावे तब्बल ६६ कंपन्यांच्या कागदपत्रांत सापडली. शपथपत्रात त्यातल्या मोजक्याच होत्या. आलिशान वाडे तर त्यांच्या नावावर नव्हतेच, ते कंपन्यांच्या आणि मित्रांच्या नावावर होते. बेनामी व्यवहार म्हणजे काय हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. ही सारी कागदपत्रे सार्वजनिक होती; ती एकत्र मांडण्याचे काम कोणी केले नव्हते, एवढेच. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने एस्त्रादांवर महाभियोग ठेवला. १६ जानेवारी २००१ रोजी सिनेटने बँक खात्याच्या पुराव्याचे पाकीट न उघडण्याचा निर्णय ११ विरुद्ध १० मतांनी घेतला, लोक रस्त्यावर आले आणि चार दिवसांत राष्ट्राध्यक्षांना प्रासाद सोडावा लागला. २००७ मध्ये त्यांना लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले, दीड महिन्यातच माफीही मिळाली, आणि २०१३ मध्ये मनिलाच्या मतदारांनी त्यांना महापौर केले. नोंदी उघड झाल्या की मतदार पाठ फिरवतो, हा समज या एका उदाहरणाने डळमळतो. या शोधाचे नेतृत्व करणाऱ्या शीला कोरोनेल यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी मार्कोस यांचाही हिशोब लागला. भ्रष्टाचाराचे खटले चालवणारे सांदिगानबायान हे विशेष न्यायालय स्वतः मार्कोस यांनीच १९७८ मध्ये स्थापन केले होते. त्यांच्या संपत्तीचा खटला १९९१ मध्ये तिथेच उभा राहिला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २००३ च्या निकालातले गणित शाळकरी मुलाला समजेल इतके सोपे आहे. सत्तेच्या काळातले मार्कोस दांपत्याचे ज्ञात कायदेशीर उत्पन्न भरले सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर. स्विस बँकांतील ठेवी होत्या ६५ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. ठेवी सरकारजमा झाल्या. १९५५ च्या कायद्याने आपले काम केले, फक्त त्याला जवळजवळ अर्धशतक लागले.

शपथपत्रावरून सर्वांत मोठी पडझड झाली ती न्यायपालिकेत. सरन्यायाधीश रेनातो कोरोना यांच्यावर डिसेंबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहातील १८८ सदस्यांनी सह्या करून महाभियोग ठेवला. आरोपांपैकी एक मालमत्ता जाहीर न केल्याचा होता. सर्वोच्च न्यायालयातील शपथपत्रे तोवर न्यायालयाच्याच तिजोरीत बंद असत. खटल्यासाठी ती प्रथमच सिनेटपुढे आली. पेसो खात्यांची माहिती महाभियोगात मागता येते, असा अपवाद बँक गोपनीयतेच्या कायद्यात होता. डॉलर खात्यांसाठी मात्र १९७२ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्यात ठेवीदाराच्या लेखी संमतीशिवाय काहीच उघडता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने डॉलर खात्यांची माहिती मागायला मनाई केली, सिनेटने ती पाळली. पुढे लोकपाल कोंचिता कार्पिओ मोरालेस यांनी ८२ डॉलर खात्यांचा तपशील साक्षीत मांडला. कोरोना स्वतः साक्षीदाराच्या आसनावर आले. खाती चारच आहेत असे ते म्हणाले; पण त्यांत २४ लाख डॉलर असल्याचे आणि शिवाय ८ कोटी ७ लाख पेसो असल्याचे त्यांनी कबूल केले. डॉलर गोपनीय म्हणून लिहिले नाहीत आणि पेसो नातेवाइकांच्या पैशांत मिसळलेले होते, हा त्यांचा बचाव. २९ मे २०१२ रोजी सिनेटने २० विरुद्ध ३ मतांनी त्यांना पदच्युत केले. गोपनीयता हा बँकेचा नियम आहे, शपथ घेणाऱ्याची सवलत नव्हे, असाच त्या मतदानाचा अर्थ घ्यावा लागतो. सहा वर्षांनी सरन्यायाधीश मारिया लुर्देस सेरेनो यांचेही पद गेले, विद्यापीठात प्राध्यापक असतानाची काही वर्षांची शपथपत्रे सापडली नाहीत म्हणून. तो निकाल महाभियोगाने नव्हे, तर त्यांच्याच न्यायालयातील सहकाऱ्यांनी ८ विरुद्ध ६ मतांनी दिला. लपवलेल्या लाखो डॉलरना आणि न सापडलेल्या जुन्या कागदांना एकाच मापाने मोजले गेले, ही टीका तेव्हा झाली आणि ती गैरलागू म्हणता येत नाही.

कोरोना खटल्याचे अध्यक्षस्थान सिनेटचे तत्कालीन अध्यक्ष हुआन पोन्से एन्रिले यांच्याकडे होते. दोनच वर्षांनी ते स्वतः आरोपी झाले. कारण होते खासदारांच्या मर्जीने वाटला जाणारा विकास निधी. सिनेटरला वर्षाला २० कोटी आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला ७ कोटी पेसो मिळत. जुलै २०१३ मध्ये ‘फिलिपाइन डेली इन्क्वायरर’ने बनावट संस्थांमार्फत हा पैसा वळवला गेल्याचे छापले, ऑगस्टमध्ये लेखापरीक्षण आयोगाचा २००७ ते २००९ या काळाचा विशेष अहवाल आला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निधीची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. एन्रिले आणि आणखी दोन सिनेटरांवर २०१४ मध्ये खटले भरले गेले. लुटीच्या आरोपातून पुढे तिघेही सुटले.

लेखापरीक्षण आयोग हा फिलिपिनो नागरिकाच्या हातातला कदाचित सर्वांत भरवशाचा दस्तऐवज पुरवतो, तरी त्याचे नाव कमी घेतले जाते. प्रत्येक खात्याचा, प्रांताचा आणि नगराचा वार्षिक अहवाल तो प्रसिद्ध करतो. संसदेच्या प्रत्येक सदस्याला किती रक्कम दिली आणि त्याच्यासाठी काय खर्च झाला याची तपशीलवार यादी दरवर्षी छापावी, असे घटनेतच लिहिले आहे.

पुढाऱ्याची कामगिरी मोजणे हे मालमत्ता मोजण्यापेक्षा अवघड काम आहे. किती विधेयके मांडली हा आकडा पुढारी अभिमानाने सांगतात. पण तीन वर्षांची संसद संपली की अपुरी विधेयके बाद होतात, नव्या संसदेत तीच पुन्हा मांडली जातात आणि आकडा फुगत जातो. एखादी शाळा वेगळी करणे, रस्त्याला नाव देणे, अशी विधेयकेही त्याच मोजणीत येतात. त्यापेक्षा अंतिम वाचनाच्या वेळी कोणी होय म्हटले आणि कोणी नाही, हे अधिक बोलके. ते सभागृहाच्या कार्यवृत्तात नोंदवण्याची घटनेने सक्ती केली आहे. हजेरीपटही कामाचा. मुष्टियोद्धे मॅनी पॅकिआओ प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना २०१४ मध्ये अवघे चार दिवस सभागृहात आले, हे हजेरीच्या नोंदीमुळेच कळले. दोन वर्षांनी मतदारांनी त्यांना सिनेटवर पाठवले. सरकारी पैशाने झालेल्या रस्त्यांवर, रुग्णवाहिकांवर आणि बास्केटबॉलच्या मैदानांवर स्वतःचे नाव व चेहरा रंगवण्याची तिथल्या पुढाऱ्यांची हौस इतकी वाढली की सिनेटर मिरियम डिफेन्सर सांतियागो यांनी तिच्याविरुद्ध विधेयक आणले. ते कायदा झाले नाही.

निवडणूक खर्चाची नोंद आणखी वेगळी. जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रत्येक उमेदवाराने तीस दिवसांत देणग्या आणि खर्च यांचे विवरण द्यायचे असते. दिले नाही तर विजयी उमेदवाराला पद घेता येत नाही. १९९१ च्या कायद्याने पक्षांच्या बहुतेक उमेदवारांना मतदारामागे तीन पेसो खर्चाची मुभा दिली. त्या मर्यादेत आज प्रचार होऊ शकत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे बरीचशी विवरणे नेमकी मर्यादेच्या आत बसवलेली असतात. लागुना प्रांताचे गव्हर्नर एमिलिओ एहेर्सितो, एस्त्रादा यांचे पुतणे, यांचे मात्र दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे करारच हाती लागले. मर्यादा सुमारे ४५ लाख पेसोंची, जाहिराती दोन कोटींच्या वर. २०१४ मध्ये त्यांचे पद गेले.

नोंद ठेवणे आणि ती दाखवणे या दोन गोष्टी आहेत. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांची शपथपत्रे लोकपालांकडे, सिनेटरांची सिनेटच्या सचिवांकडे, प्रतिनिधींची त्यांच्या महासचिवांकडे असतात. ज्याच्या कपाटात कागद, त्याच्या मर्जीवर बरेच काही. राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी जुलै २०१६ मध्ये माहिती अधिकाराचा आदेश काढला, पण तो फक्त कार्यकारी शाखेपुरता. संसदेतला माहिती अधिकाराचा कायदा जून २०१० मध्ये अखेरच्या टप्प्यावर आला असताना गणपूर्ती नाही म्हणून बारगळला होता. सप्टेंबर २०२० मध्ये लोकपाल सॅम्युएल मार्तिरेस यांनी परिपत्रक काढून शपथपत्रांची दारेच बंद केली. ज्याचे शपथपत्र त्याची संमती, न्यायालयाचा आदेश किंवा लोकपालांचा स्वतःचा तपास, यांशिवाय प्रत मिळेनाशी झाली. कायदा बदलला नव्हता, तरी पाच वर्षे राष्ट्राध्यक्षांची मालमत्ता नागरिकांना पाहता आली नाही.

ही कोंडी फुटली ती पुरामुळे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस ज्युनियर, म्हणजे आधीच्या मार्कोस यांचे पुत्र, यांनी संसदेतील वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामांवरून अधिकाऱ्यांना आणि ठेकेदारांना फटकारले आणि पुढच्या महिन्यात सुमारे ५४,५०० कोटी पेसोंच्या कामांची यादी लोकांसमोर ठेवली. त्यातली पाचवा हिस्सा रक्कम अवघ्या १५ ठेकेदारांकडे गेली होती. बुलाकान प्रांतातील बालिवाग इथे कागदावर पूर्ण झालेली, साडेपाच कोटी पेसोंहून अधिक खर्चाची नदीची भिंत जागेवर नव्हतीच. सप्टेंबरमध्ये मोठे मोर्चे निघाले. ऑक्टोबरमध्ये आलेले नवे लोकपाल हेसुस क्रिस्पिन रेमुल्या यांनी आधीचे परिपत्रक मोडीत काढले. घराचा पत्ता, अज्ञान मुलांची नावे असे खासगी तपशील झाकून शपथपत्रांच्या प्रती पुन्हा देण्याची तरतूद झाली. बँकेतील ठेवींवरचे १९५५ आणि १९७२ च्या कायद्यांचे कुलूप मात्र लोकपालांच्या परिपत्रकाने निघणारे नाही. त्यासाठी संसदेने कायदा बदलायला हवा.