भरपाई म्हणजे तडजोड नव्हे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मोहल्ल्यात कुणाचा खून झाला, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, कठोर शिक्षेची मागणी करतो. ते केलेच पाहिजे. पण आठ दिवसांनी त्या घरात चूल पेटते का, हे कोण विचारते? कमावता माणूस गेलेला, दवाखान्याचे बिल डोक्यावर, मुलांची फी थकलेली. अशा वेळी सरकारी भरपाईचा विषय काढला तर घरातलेच म्हणतात, "रक्ताचे पैसे नकोत. लोक म्हणतील, पैसे घेऊन केस मिटवली."

त्यांच्या दुःखाचा मी आदर करतो. पण यात मोठा गैरसमज आहे आणि तो दूर करणे आपले काम आहे.

आपल्या लोकांच्या मनात दियतची कल्पना असते. दियत मारेकऱ्याच्या बाजूने येते आणि ती घेतली की वारस बदल्याचा हक्क सोडतात. सरकारी भरपाईचा तिच्याशी संबंध नाही. हे पैसे आरोपीच्या खिशातून येत नाहीत आणि ते घेतल्याने खटला थांबत नाही. खटला सरकार चालवते, तो चालूच राहतो.

मग सरकारने पैसे का द्यायचे? कारण सूड घेण्याचा अधिकार आपण स्वतःकडे ठेवलेला नाही. संरक्षण आणि न्याय या दोन्हींची जबाबदारी राज्याने घेतली आहे. संरक्षणात राज्य कमी पडले, तर उद्ध्वस्त झालेले घर सावरणे हे त्याचे कर्तव्य आहे. ही खैरात नव्हे.

कायदाही हेच सांगतो. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. त्यानुसार प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करायची आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. गुन्हेगार सापडलाच नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक स्वतः अर्ज करू शकतात. त्या अर्जाची चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. तातडीची अंतरिम मदतही मागता येते.

झुंडबळींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात राज्यांना भरपाई योजना करायला सांगितले आणि घटनेपासून तीस दिवसांत अंतरिम मदत देण्याची तरतूद त्यात ठेवायला सांगितली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

"पैसे घेतले की लढाई संपली" असे ज्यांना वाटते, त्यांनी बिल्किस बानोकडे पाहावे. तिच्यावरील अत्याचाराचा खटला मुंबईत चालला आणि २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. गुजरात सरकारने देऊ केलेले पाच लाख तिने अपुरे म्हणून नाकारले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख रुपये, नोकरी आणि घर देण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये त्या दोषींना सोडले, तेव्हा ती पुन्हा न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द झाली. भरपाईच्या आदेशाने तिचे तोंड बंद झाले नाही.

रकमा अनेकदा अपुऱ्या असतात, फायली रेंगाळतात, हे खरे आहे. पण अर्जच केला नाही, तर भांडणार कशावर?

म्हणून घटना घडली की पहिल्या काही दिवसांतच एका कार्यकर्त्याने ही जबाबदारी घ्यावी. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागदपत्रे, मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे, बँक पासबुक एका फाईलमध्ये लावावे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तिथे वकीलही मोफत मिळतो. महिला आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पीडित मुस्लिम असो, दलित असो वा आणखी कुणी, आपली मदत सारखीच असली पाहिजे.

आणि त्या घरातल्या आईला एवढे जरूर सांगा: अम्मी, हे पैसे घेतल्याने तुमच्या मुलाचा सौदा होत नाही. तो तुमचा हक्क आहे. गुन्हेगाराला शिक्षा मागण्याचा हक्कही तुमच्याकडेच राहतो.